चित्रातली कॉफी

शनिवारच्या चित्रकला वर्गाविषयी वार्तापत्रासाठी चार ओळी लिहून द्या, असे मुख्याध्यापक सरांनी सांगितले. चार ओळींत ते बसणार नाही हे त्यांनाही ठाऊक असावे, कारण यंदा या वर्गाची चर्चा शाळेबाहेरही बरीच झाली. जे झाले ते नीट सांगावे म्हणून हा लेख.

आम्ही म्हणजे आम्ही दोघे. एकीने आयुष्यभर चित्रकला शिकवली, दुसऱ्याने भूगोल. निवृत्तीनंतर शनिवारी सकाळची शाळा सुटली की दीड तास पाचवी ते नववीच्या मुलांना घेऊन बसतो. आमच्यातल्या एकीला कॉफी लागते, दुसऱ्याला चहा, आणि हा वाद लग्नापासूनचा आहे. यंदाच्या वर्गाला ‘कॉफी’ हा विषय कुणाच्या आग्रहाने मिळाला हे वाचकांनी ओळखावे.

कारण मात्र निराळे होते. मुलांना ‘मनाने चित्र काढा’ म्हटले की दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, एक झोपडी, एक नारळाचे झाड आणि नदी. बीदर-कलबुर्गीकडच्या मुलाने नारळाचे झाड कुठे पाहिले? डोंगरामागून उगवणारा सूर्य तरी कुठे पाहिला? आपल्याकडे सूर्य तुरीच्या शेतातून वर येतो. मुले पाहिलेले काढत नाहीत, काढलेले पाहून काढतात. तेव्हा रोज हातात असणारी, अगदी साधी वस्तू घ्यावी असे ठरले. कप घेतला.

कॉफी आपल्या भागात रोजची नाही. रोजचा तो चहा. कॉफी उपवासाला, आजाऱ्याला, कोजागिरीच्या रात्री जायफळ घालून, नाहीतर पाहुणे मोठे असले तर. आमच्या आधीच्या पिढीला पोलसनचा डबा आठवेल. पोलसनचे नाव पुढे लोण्यामुळे घरोघरी गेले, पण त्या कंपनीची सुरुवात कॉफीपासून झाली होती. गावात उडपी हॉटेल निघाले की कॉफी यायची, आणि खेड्यातला माणूस बाजाराला आला की ‘कापी’ पिऊन जायचा, ती चैन होती. खरे तर आपण ज्या राज्यात राहतो तिथेच देशातली सुमारे सत्तर टक्के कॉफी पिकते. बाबा बुडन यांनी अरबस्तानातून सात बिया लपवून आणल्या आणि चिक्कमगळूरच्या डोंगरात लावल्या, ही कथा कन्नडच्या तासाला मुलांनी ऐकलेली असते. पण चिक्कमगळूर आपल्यापासून दूर, आणि आपली जमीन तूर, उडीद, मूग, ज्वारीची.

इथे भूगोलवाल्याला एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. कॉफीचे झाड मूळचे इथिओपियाचे, म्हणजे जुन्या नावाने हबसाणचे. आणि बीदर शहराच्या कडेला टेकडीवर हबशी कोट आहे. बहामनी काळात त्याच देशातून आलेले सरदार-शिपाई बीदरला होते, त्यांच्यातल्या काहींच्या कबरी तिथे आहेत. मुले सहलीला जातात तेव्हा हबशी म्हणजे कोण हे विचारतात. पुढच्या वेळी सांगा: कॉफी ज्या मातीतली, तिथली माणसे.

पहिले दोन शनिवार आम्ही मुलांना संगणक कक्षातल्या पडद्यावर चित्रे दाखवली. सगळी कॉफीची. शार्दां नावाच्या फ्रेंच चित्रकाराचे एक चित्र आहे, १७६० च्या सुमाराचे. पाण्याचा एक पेला, काळवंडलेले कॉफीचे भांडे आणि शेजारी लसणाचे गड्डे. बस्स. सहावीतला एक मुलगा म्हणाला, “बाई, एवढंच?” एवढंच. पण पेल्यातले पाणी पाहून तोच मुलगा पडद्याजवळ गेला आणि बराच वेळ हलला नाही. लसूण चित्रात काढता येतो हे त्या दिवशी बहुतेकांना प्रथमच कळले.

सेझानचे चित्र दाखवले: निळ्या झग्यातली एक धिप्पाड बाई, शेजारी कॉफीचे भांडे आणि कपात सरळ उभा राहिलेला चमचा. चमचा असा उभा राहतो का, यावर वर्गात वाद झाला आणि दोघांनी घरी जाऊन प्रयोग केला. अमेरिकेच्या एडवर्ड हॉपरचे १९२७ सालचे चित्र दाखवले. रात्र, मोठी काच, काचेत दिव्यांची रांग, आणि एकटी बाई कपाकडे पाहत बसलेली. एका हातात मोजा आहे, एक मोजा काढलेला. मुलींनी लगेच विचारले, ती एकटी एवढ्या रात्री बाहेर कशी? तिला घरी कोण सोडणार? मोठमोठ्या ग्रंथांत या चित्राविषयी पुष्कळ लिहिलेले आहे, पण आमच्या मुलींचा प्रश्न आम्हाला कमी वाटला नाही. शेवटची बस चुकली की काय होते, हे खेड्यातून येणाऱ्या मुलीला समजावून सांगावे लागत नाही.

सर्वांत जास्त वेळ व्हॅन गॉगच्या ‘बटाटे खाणारे’ या चित्रावर गेला. हे १८८५ सालचे. शेतात राबणारे एक कुटुंब रात्री दिव्याखाली बसले आहे, मध्ये उकडलेल्या बटाट्यांचे ताट, आणि उजवीकडची म्हातारी कपांत कॉफी ओतते आहे. गरिबाघरची कॉफी, चिकोरीची असणार. बोटे जाडजूड, गाठी आलेली. ज्या हातांनी जमीन उकरली तेच हात ताटात जात आहेत, हे दिसावे अशी चित्रकाराची इच्छा होती. भावाला लिहिलेल्या पत्रात त्याने तसे म्हटले आहे. चित्राचा रंगही न सोललेल्या, माती लागलेल्या बटाट्यासारखा असावा असे तो म्हणतो. हे चित्र त्या काळी त्याच्या मित्रालाही आवडले नव्हते. मुलांना मात्र आवडले. बटाट्याच्या जागी भाकरी ठेवली की आपलेच घर, असे एक जण म्हणाला. आम्ही त्याला विचारले, आणि कॉफीच्या जागी? तो म्हणाला, “चहाच की, सर. पण बिनदुधाचा.”

तीन वर्षांनी याच व्हॅन गॉगने निळ्या इनॅमलचे कॉफीचे भांडे, कप आणि लिंबे-संत्री असे चित्र काढले. आर्ल या गावात त्याने खोली घेतली, स्वतःपुरती कॉफी करता यावी म्हणून भांडीकुंडी आणली, आणि आणल्या आणल्या त्यांचेच चित्र काढले. नवा संसार मांडणाऱ्याला ते भांडे किती मोठे वाटते ते त्या निळ्या रंगात दिसते.

आपल्याकडे असे कुणी केले का, हा प्रश्न यायलाच हवा होता, आणि आला. कलबुर्गीचे रंगमंदिर ज्यांच्या नावाने आहे ते डॉ. एस. एम. पंडित आपल्या मातीतले, १९१६ चा जन्म. मुंबईला जाऊन सिनेमाची चित्रे आणि कॅलेंडरचे देव काढून त्यांनी नाव मिळवले. जुन्या घरांत त्यांची कॅलेंडरे चौकटीत बसवून देवघराजवळ लावलेली असत. पण कॅलेंडरमधल्या देवाच्या हातात कप कसा असेल? साध्या भांड्यांकडे वळलेला चित्रकार आम्हाला आठवतो तो कृष्णाजी हौळाजी आरा. जन्म सिकंदराबादजवळच्या बोळारमचा, म्हणजे आपल्यासारखाच जुन्या निजाम राज्यातला. आई लहानपणी गेली. पोर पळून मुंबईला गेले, मोटारी धुतल्या, लोकांच्या घरी नोकर म्हणून राहिले. पुढे हुसेन, रझा, सूझा यांच्याबरोबर १९४७ च्या प्रोग्रेसिव्ह गटात तो होता, आणि फुलदाण्या, फळे, भांडी यांच्या चित्रांसाठी तो ओळखला जाऊ लागला. दुसऱ्याच्या घरची भांडी ज्याच्या हाताखालून गेली त्याला भांड्याचा आकार शिकवावा लागत नसेल, असे आमच्यातल्या एकीचे मत आहे.

तिसऱ्या शनिवारी रंगवायला घेतले, आणि रंगही कॉफीचाच. याचा फायदा पालकांनी लक्षात घ्यावा. रंगपेटी महाग, कॉफीची छोटी पुडी स्वस्त. पुडी अगदी थोड्या कोमट पाण्यात कालवून दाट डाग करायचा, तो झाला गडद रंग. त्यातलाच थेंब पाण्यात सोडला की फिका. एक थर पूर्ण वाळल्यावर दुसरा; ओल्यावर ओले चढवले की सगळा चिखल. एकाच रंगात काम करावे लागल्यामुळे मुलांना उजेड आणि सावली दिसू लागते, लाल-पिवळ्याच्या आड लपता येत नाही. फिक्या थरात बीदरच्या जांभ्याची छटा येते, आणि दहा थर चढवले तर कलबुर्गीकडची काळी रेगूर जमीन. ही चित्रे कायमची टिकत नाहीत, उन्हात फिकी होतात. आणि सूचना देऊनही एका मुलाने घरून दूध-साखर घातलेली तयार कॉफी बाटलीत आणली होती. सोमवारी कपाट उघडले तेव्हा मुंग्यांनी त्याचे चित्र पूर्ण केले होते.

आता मुख्य गोष्टीकडे येतो.

दाखवलेल्या चित्रांत एक चित्र व्हान लू या फ्रेंच चित्रकाराचे होते, १७५० नंतरच्या काही वर्षांतले. फ्रान्सच्या राजाची आवडती मादाम द पोंपादूर तुर्की बेगमेच्या वेशात गादीवर बसली आहे आणि एक काळी दासी तिला कॉफीचा कप देते आहे. रेशीम, गालिचा, सगळे मऊ मऊ. त्या काळी फ्रान्समध्ये येणारी पुष्कळशी कॉफी कॅरिबियन बेटांवर आफ्रिकेतून पकडून नेलेले गुलाम पिकवीत, हे भूगोलवाल्याने सांगितले. तेव्हा पाचवीतल्या एका लहानग्या मुलीने विचारले, “मग हिचा कप कुठंय?” दासीकडे बोट दाखवून.

आम्ही दोघांनी ते चित्र पुष्कळदा पाहिले होते. हा प्रश्न आमच्या मनात कधी आला नव्हता.

पुढच्या आठवड्याचा अभ्यास होता, ‘घरातला एक कप, बघून’. चाळीसेक चित्रे आली. लग्नात आलेले, नाव कोरलेले स्टीलचे पेले. काचेच्या कपाटात ठेवलेला आणि कधीच न वापरलेला चिनी मातीचा संच. हॉटेलातला काचेचा छोटा ग्लास. आणि सातवीतल्या एका मुलीचे चित्र: गोठ्याच्या भिंतीतला कोनाडा, त्यात पालथा घातलेला कान तुटलेला कप. खाली पेन्सिलीने लिहिले होते, ‘सालगड्याचा कप’.

मोठ्यांना समजावून सांगायला नको. सालगड्याला चहा द्यायचा तो वरून ओतायचा, त्याने पिऊन कप विसळायचा आणि कोनाड्यात पालथा घालायचा. हॉटेलांतही वेगळे ग्लास असत. राज्यघटनेने १९५० साली हे बंद केले. कोल्हापूरला शाहू महाराजांनी त्याच्याही कितीतरी आधी गंगाराम कांबळे यांना चहाचे हॉटेल काढून दिले आणि स्वतः लवाजम्यासह तिथे जाऊन चहा घेतला, हे आपण जयंतीच्या भाषणात दरवर्षी ऐकतो. आणि बसवेश्वरांचे कल्याण तर आपल्याच जिल्ह्यात. असे असूनही कोनाडा होता.

वार्षिक प्रदर्शनात हे चित्र लावू नये असे काही जणांचे म्हणणे पडले. विश्वस्तांपैकी एका ज्येष्ठांनी आम्हाला बोलावून सांगितले की घरातली गोष्ट वेशीवर टांगू नये, आणि आपली मराठी शाळा आधीच पटसंख्येसाठी झगडते आहे, त्यात पालक दुखावले तर मुले दुसरीकडे जातील. त्यांचा हेतू वाईट नव्हता. पटसंख्येची काळजी आम्हालाही आहे. पण ज्यांनी त्या कपातून चहा प्यायला त्यांचीही मुले याच पटावर आहेत, आणि ती दुखावली जातील की काय हा मुद्दा आम्हाला सर्वांत जड वाटत होता. मुलांना वेगळे बोलावून विचारणे प्रशस्त वाटेना. एका मुलाची आई शाळेत आली होती, तिला चित्र दाखवून विचारले. तिने चित्र हातात घेतले, जरा लांब धरून पाहिले आणि म्हणाली, “लावा की, बाई. आमाला ठाव न्हाई असं काय हाय त्यात?”

मग आम्ही त्या मुलीच्या गावी गेलो. तिचे नाव, गाव येथे देत नाही. वडील नाराज होते. पोरीला काय कळतंय, असे दोनदा म्हणाले. आजी ओसरीवर होती. तिने आम्हाला बसायला सतरंजी टाकली आणि सुनेला हाक मारून कॉफी करायला सांगितली. गुरुजी आणि बाई घरी आले म्हणजे चहा कसा द्यायचा? सोनेरी काठाच्या कपबशीत कॉफी आली, दुधाळ, जायफळ घातलेली. आम्ही प्यायलो. कॉफी उत्तम होती.

आजीला चित्र दाखवले. चष्मा नव्हता, नातीने समजावून सांगितले. आजी थोडी हसली, मग हसू थांबले. म्हणाली, “आता त्यातून कुनी पीत न्हाई, बाई. ती मानसं गेली, त्यांची पोरं पुन्याला, हैद्राबादेला गेली. कप तेवढा ऱ्हायला. फेकावा म्हनते आन् ऱ्हाऊन जातंय.” वडिलांनी काही उत्तर दिले नाही. निघताना त्यांनीच आम्हाला गोठ्याकडे नेले. कोनाडा छातीएवढ्या उंचीवर आहे, आत काजळी धरलेली, कपाखाली त्याच्या तोंडाएवढा गोल डाग उमटलेला. मुलीने तो डागही चित्रात काढला होता. आम्हाला कागदावर सांडलेल्या कॉफीचा डाग वाटला होता.

पुढच्या मंगळवारी वडिलांनी निरोप पाठवला की लावा, पण खाली नाव लिहू नका. विश्वस्तांनीही मग हरकत घेतली नाही. चित्र खिडकीशेजारच्या तिसऱ्या ओळीत लागले, एका बाजूला लग्नातला स्टीलचा पेला आणि दुसऱ्या बाजूला चिनी मातीचा संच. पुष्कळ लोक न थांबता पुढे गेले. काही थांबले. एक वयस्क गृहस्थ बराच वेळ उभे होते, त्यांनी कोनाड्याची उंची चुकली आहे का असे विचारले, आम्ही नाही म्हणालो, तेव्हा मान हलवून निघून गेले.

चित्राला आमच्यातल्या एकीने दहापैकी साडेसहा गुण दिले आहेत. काजळीचे थर छान जमलेत, कोनाड्याची खोली दिसते. पण कपाच्या तळाचा लंबगोल एका बाजूला कलला आहे, आणि तुटलेल्या कानाची सावली चुकीच्या दिशेला पडली आहे. मुलगी ते चित्र परत काढते आहे. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत होईल असे म्हणते.